एक खड्डा, एक पंगत

घर आणि धर्मग्राम

नाताळ जवळ आला, किंवा आश्रयदात्या संतांच्या सणाची तारीख ठरली, म्हणजे धर्मग्रामाच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो : यंदा जेवणाचे काय? मंडप, वाजंत्री, नोव्हेना यांचा निकाल लवकर लागतो. जेवणाच्या विषयावर मात्र रात्र होते. अलीकडे या प्रश्नाला एक नवे उत्तर ऐकू येऊ लागले आहे. आमची तरुण मंडळी मोबाईलवर हवाई बेटांतला एक प्रकार पाहतात. जमिनीत खड्डा, खड्ड्यात तापून लाल झालेले दगड, त्यांवर पानांत झाकलेले अख्खे डुक्कर आणि वर माती. दुसऱ्या दिवशी माती दूर केली की सारी मंडळी जेवावयास बसतात. "हे आपल्या बोरगावसारख्या ठिकाणी जमेल काय?" असे ही मुले वडीलधाऱ्यांना विचारतात.

प्रश्न पोरकट नाही. त्याच्या उत्तरात स्वयंपाकाचे ज्ञान आहे, आरोग्याचा विचार आहे, शेजारधर्म आहे. आणि सर्वांच्या तळाशी एक जुना, अवघड प्रश्न आहे : एकाच देवळातून बाहेर पडलेली माणसे एकाच पंगतीस बसतात काय? म्हणून वाचकहो, आजच्या सदरात हा विषय जरा मुळापासून पाहू.

अळूच्या पानाचे जेवण

हवाई हा प्रशांत महासागराच्या मध्यावर असलेला बेटांचा समूह होय. १९५९ पासून तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी एक आहे. परंतु तेथील मूळ रहिवासी पॉलिनेशियन वंशाचे दर्यावर्दी. शेकडो कोसांचा समुद्र जोडहोड्यांतून ओलांडून ते या बेटांवर आले, आणि येताना डुक्कर, कोंबडी, केळी, रताळी व अळू अशी आपली सारी शिदोरी बरोबर घेऊन आले.

या बेटांवरील मोठ्या जेवणावळीस 'लुआऊ' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ ऐकून आपल्या मायबहिणींना गंमत वाटेल. लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान! पूर्वी जेवणावळीला निराळे नाव होते; एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पानाचेच नाव जेवणाला पडले. आपल्याकडे ज्याला कोणी अळू म्हणतात व कोणी धोपा म्हणतात, तीच ही वनस्पती. तिचा कंद शिजवून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून जो लगदा करतात त्याला 'पोई' म्हणतात. ही पोई लाकडी कटोऱ्यात मध्ये ठेवायची आणि घरातल्या सर्वांनी त्याच कटोऱ्यात बोटे बुडवून खायची, अशी तेथली जुनी रीत. हा कटोरा ध्यानात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

हवाईचा राजा तिसरा कामेहामेहा याने १८४७ मध्ये दिलेल्या एका जेवणाची यादी कागदोपत्री राहिली आहे. तीत २७१ डुकरे, ६०२ कोंबड्या, ३ बैल आणि पोईचे ४८२ मोठे भोपळे आहेत. जेवणारी माणसे सुमारे १०,००० होती. राजाची गोष्ट राजापाशी. आपल्याला शंभर-सव्वाशे पाने मांडावयाची आहेत. तथापि रीत तीच.

ज्या खड्ड्यात हे मांस शिजते त्याला 'इमू' म्हणतात, आणि अशा रीतीने शिजवण्याला 'कालुआ'. नावे परकी असली तरी कल्पना आपल्याला परकी नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या या पट्ट्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजले जातात व राख झटकून, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीबरोबर गावजेवणात वाढले जातात. पानांत दाबून निखाऱ्यात घातलेले पानगे आपल्या आजीबाईंना ठाऊक आहेत. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भरून, मडके पालथे घालून त्यावर जाळ करतात. तिला पोपटी म्हणतात. या सर्वांत एकच युक्ती आहे. जिभा काढणाऱ्या जाळावर अन्न धरावयाचे नाही. साठवलेल्या उष्णतेत ते कोंडून ठेवावयाचे. रोडग्यात ही उष्णता कोरडी असते, इमूमध्ये ती वाफेची असते, एवढाच भेद.

फादरांनी लावलेले झाड

इमूसाठी हवाईत जे लाकूड सर्वांत चांगले मानतात ते 'कियावे' नावाच्या काटेरी झाडाचे. ते सावकाश जळते व त्याचा निखारा दीर्घकाळ टिकतो. पण हे झाड मूळचे त्या बेटांवरचे नाही. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पहिले कॅथोलिक मिशनरी १८२७ मध्ये होनोलुलू येथे उतरले. त्यांचे प्रमुख फादर अलेक्सी बाशलो यांनी पॅरिसच्या राजोद्यानातील झाडाचे बी आणून १८२८ मध्ये आपल्या मिशनच्या आवारात कियावेचे पहिले झाड लावले, असे तेथील इतिहास सांगतो. पुढे १८३१ मध्ये या फादरांना बेटांवरून घालवून देण्यात आले. कॅथोलिकांना उपासनेची मोकळीक १८३९ मध्ये मिळाली. फादर गेले, परंतु झाड राहिले. त्याच्या शेंगा गुरांनी खाल्ल्या, बी गावोगाव पसरले, आणि ज्या लोकांत फादर बाशलो यांना चार वर्षेही सुखाने राहता आले नाही त्या लोकांच्या चुलीला त्यांच्या हातचे सरपण मिळाले.

याच कुळातले एक भावंड आपल्या देशातही आहे. वेडी बाभूळ म्हणून आपण जिच्या नावाने बोटे मोडतो ती हीच. तिचे लाकूड कठीण असते व निखारा उत्तम होतो. तेव्हा या जेवणासाठी जंगलाकडे कुऱ्हाड नेण्याचे काही कारण नाही. वेडी बाभूळ, वाळलेली देशी बाभूळ, किंवा बागेत मोडून टाकलेल्या जुन्या संत्र्याच्या झाडांची लाकडे पुरेशी होतात. रंग दिलेली, औषध चोपडलेली किंवा खोक्यांची लाकडे मात्र वापरू नयेत. त्यांचा धूर मांसात उतरतो.

दिवस, जागा आणि दगड

प्रथम दिवस ठरवावा. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपते, उन्हाळ्यात वाळल्या गवताला ठिणगी पुरते. म्हणून नाताळापासून राखेच्या बुधवारापर्यंतचा थंडीचा काळ उत्तम. शुक्रवार टाळावा, हे सांगावयास नकोच. रविवारच्या मिस्सेनंतर जेवण ठेवावे, म्हणजे शनिवारची संध्याकाळ व रात्र तयारीला मिळते.

जागा निवडताना मातीकडे पाहावे. आपल्याकडची काळी जमीन कापसाला चांगली. परंतु वाळली म्हणजे तिला भेगा पडतात आणि भेगांतून वाफ निघून जाते. मुरमाड, घट्ट, उंचवट्याची जागा पाहावी. घर, गोठा, गवताची गंजी, संत्र्याची बाग आणि विजेच्या तारा यांपासून ती दूर असावी. शंभर-सव्वाशे माणसांसाठी खड्डा साधारण पाच फूट लांब, चार फूट रुंद व अडीच ते तीन फूट खोल असावा. त्याच्या बाजू उभ्या न ठेवता तिरप्या, कढईसारख्या उतरत्या ठेवाव्यात.

दगडांच्या बाबतीत मात्र कसलीही घाई करू नये, कारण येथे माणसाच्या डोळ्यांशी गाठ आहे. हवाईत ज्वालामुखीचा सच्छिद्र काळा दगड वापरतात. त्याच्या छिद्रांतून वाफेला वाट मिळते. पांढुर्ण्याकडे काळा पाषाण पुष्कळ आहे व तोही ज्वालामुखीतूनच आला आहे. परंतु तो घट्ट असतो. म्हणून कोरड्या माळावरचा, बिनतड्याचा, नारळाएवढा दगड निवडावा. जाम किंवा कन्हान नदीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे दिसावयास सुंदर. पण त्यांच्या पोटात मुरलेले पाणी तापून वाफ झाले म्हणजे ते फुटतात आणि कपच्या गोळीसारख्या उडतात. सौंसरच्या बाजूस मिळणारा पांढरा संगमरवरी दगडही नको. तो तापून तडकतो व त्याचा चुना होऊ लागतो. निवडलेले दगड आठ दिवस आधी निराळ्या जाळात एकदा तापवून, थंड करून पाहावेत. त्या वेळी सर्वांनी दूर उभे राहावे. जे फुटले ते टाकून द्यावेत. जे टिकले ते आपले.

जनावर पाहून घ्यावे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गावात उकिरड्यावर, नाल्याच्या कडेने मोकाट फिरणारे डुक्कर स्वस्त मिळते म्हणून कदापि घेऊ नये. त्याचे कारण नीट समजून घ्यावे. उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेत पट्टकृमीची अंडी असू शकतात. ती डुकराच्या पोटात गेली म्हणजे त्याच्या मांसात तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे फोड तयार होतात. असे मांस कच्चे राहून कोणी खाल्ले तर त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. आणि त्या माणसाने शौचानंतर हात धुतले नाहीत, तर त्याच्या हातून अंडी दुसऱ्याच्या अन्नात जातात, रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतात व तेथे गाठी करतात. आपल्या देशात अनेकांना येणाऱ्या फेफऱ्याचे हे एक मोठे कारण आहे. डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्या माणसालाही या मार्गाने हा रोग होतो, हे विसरू नये. म्हणून बंदिस्त गोठ्यात, स्वच्छ खाद्यावर वाढवलेले जनावर घ्यावे, पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे, स्थानिक नियमांप्रमाणेच कापावे, आणि स्वयंपाकाच्या जागी साबण व वाहते पाणी ठेवावे.

दुसरी एक साथ अलीकडची आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा ताप आपल्या देशात २०२० मध्ये आसाम व अरुणाचलात प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये आपल्या मध्य प्रदेशातच रीवा येथे त्याने डुकरे मारली. हा ताप माणसाला होत नाही. परंतु पाळणाऱ्या गरिबाचा धंदा एका आठवड्यात बुडवतो. म्हणून दूरच्या जिल्ह्यातून जनावर आणू नये, साथ असल्यास बेत रद्द करावा, आणि उरलेले हाड-मांस दुसऱ्या डुकरांना घालू नये.

हिशेब साधारण असा धरावा. साठ किलो वजनाचे जनावर साफ केल्यावर बेचाळीस ते पंचेचाळीस किलो भरते. हाडे व वितळलेली चरबी वजा जाता शिजलेले मांस अठरा ते वीस किलो हाती येते. दर पानास दीडशे ग्रॅम वाढले तर सव्वाशेच्या आसपास माणसे तृप्त होतात. मसाला जवळजवळ लागतच नाही. हवाईत जाडे मीठ चोळतात, तेवढेच. ज्यांना तिखटावाचून घास उतरत नाही त्यांच्यासाठी ठेचा आहेच.

रात्रीची राखण

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास खड्ड्यात लाकडे रचून, त्यांवर दगड मांडून जाळ करावा. दोन-तीन तासांत लाकूड जळून जाते व दगड लाल होऊन नंतर पांढुरके दिसू लागतात. अर्धवट जळालेली लाकडे काढून घ्यावीत, नाहीतर धुराने मांस कडू होते. दगड लांब दांड्याच्या फावड्याने सारखे करावेत. त्यांवर केळीचे खांब ठेचून पसरावेत. वाफ मुख्यतः यांतूनच निघते. वर केळीच्या पानांचा जाड थर द्यावा. हवाईत 'की' नावाच्या झाडाची पाने वापरतात. आपल्याकडे केळीची व पळसाची पाने चालतील. परंतु कण्हेर, रुई, धोत्रा यांचे पान किंवा काडीसुद्धा जवळ येऊ देऊ नये. ही झाडे विषारी आहेत.

मीठ चोळलेल्या जनावराच्या पोटात चिमट्याने दोन-चार तापलेले दगड ठेवावेत, म्हणजे आतूनही शिजते. उचलण्यास सोपे जावे म्हणून ते कोऱ्या पोलादी जाळीत बांधावे. जस्त चढवलेली जाळी नको. कडेने रताळी व अळूचे कंद ठेवावेत. पुन्हा पानांचा थर, त्यावर भिजवलेली स्वच्छ गोणपाटे, त्यावर ताडपत्री, आणि शेवटी माती. जेथून वाफेची रेघ वर येताना दिसेल तेथे लगेच माती घालावी. रात्री नऊ-दहाच्या सुमारास हे काम संपते. मग उरते ती राखण.

ही राखण म्हणजे या जेवणाचा आत्मा होय, असे मला वाटते. चुलीवरच्या पातेल्याचे झाकण उचलून पाहता येते. येथे काही पाहता येत नाही. चाखता येत नाही, मीठ वाढवता येत नाही, घाई करता येत नाही. दहा-बारा तास त्या मातीच्या ढिगाऱ्याजवळ आळीपाळीने बसायचे, निसटणारी वाफ बुजवायची, मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवायचे, आणि केलेल्या कामावर विश्वास ठेवायचा. एका घराला हे झेपत नाही. खोदणारा एक, लाकूड आणणारा दुसरा, दगड पारखणारा तिसरा, केळी ज्याच्या परसात आहेत तो चौथा. वर्षभर ज्यांच्यात बांधावरून बोलणे बंद आहे असे दोघे एका पाळीत बसले, तर पहाटेपर्यंत काही ना काही बोलणे होतेच.

सकाळच्या मिस्सेनंतर माती सावकाश दूर करावी; वाफेने हात भाजतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत. मांसाच्या सर्वांत जाड भागात तापमापक खुपसून पाहावा. पट्टकृमीची भीती नाहीशी होण्यास ७१ अंश सेल्सियसच्या वर उष्णता हवी, आणि मांस हाडावरून आपोआप सुटावयास ९० अंशांच्या आसपास. कमी भरल्यास भीड न धरता तुकडे करून मोठ्या पातेल्यात शिजवून घ्यावे. अर्धा तास उशीर झाला तर कोणी उपाशी मरत नाही. काढलेले मांस दोन तासांत संपवावे, आणि उरले तर लगेच थंड पेटीत ठेवावे.

पंगतीत कोण?

येथपर्यंत झाले ते हाताचे काम. आता मनाचे काम.

जुन्या हवाईत अन्नाचे सोवळे फार कडक होते. स्त्रीने पुरुषाबरोबर जेवावयाचे नाही. डुकराचे मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी व काही मासे स्त्रियांना वर्ज्य होते. पुरुषांची भट्टी निराळी, स्त्रियांची निराळी. आणि नियम मोडणारीला देहान्ताची शिक्षा होऊ शके. पहिला राजा कामेहामेहा १८१९ मध्ये वारला. त्याचा तरुण मुलगा लिहोलिहो गादीवर बसला. त्याच वर्षी एका मेजवानीत, त्याची आई केओपुओलानी व राजाची विधवा राणी काआहुमानु यांच्या आग्रहाने, तो सर्वांदेखत स्त्रियांच्या पंगतीत जाऊन बसला व जेवू लागला. आकाश कोसळले नाही. एका जेवणाने शेकडो वर्षांचा नियम संपला. विशेष हे की ख्रिस्ती धर्मप्रचारक तेथे १८२० मध्ये पोहोचले; हे त्याच्या आधीचे आहे.

ही गोष्ट वाचून आपण त्या लोकांना हसू नये. आपल्या घरांत असा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही; तरी सणाच्या दिवशी शेवटी कोण जेवते? पहाटे उठून भात रांधणारी, दिवसभर वाढणारी, आणि तळाची खरवड घेऊन चुलीपाशी बसणारी कोण असते? इमू हे हवाईत परंपरेने पुरुषांचे काम आहे. तेव्हा बोरगावकडच्या तरुणांना हा प्रकार खरोखरच हवा असेल तर त्यांनी तो पुरता घ्यावा. खड्डा पुरुषांनी खणावा, रात्र पुरुषांनी जागावी, मांस पुरुषांनी सोडवावे व पुरुषांनीच वाढावे. आणि त्या दिवशी पहिल्या पंगतीत आया, बहिणी, सुना व म्हाताऱ्या बसाव्यात. एवढे जरी झाले तरी खड्ड्याचे सार्थक झाले.

करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल याच बाबतीत कठोर झालेले दिसतात. तेथे सर्व जण प्रभूच्या नावाने एकत्र जमत; परंतु ज्यांच्या घरी होते ते आपले अन्न आधी खाऊन घेत, व कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. एक तृप्त, दुसरा भुकेला, अशा जमण्याला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. आपल्या धर्मग्रामांतही हे दुखणे निरनिराळ्या वेषांत येते. मोठी वर्गणी देणाऱ्याला पुढची खुर्ची, न देणाऱ्याला मागची सतरंजी. अमक्या वस्तीची मंडळी एका बाजूस, तमक्या वस्तीची दुसऱ्या बाजूस. कारखान्याच्या कामासाठी बाहेरगावाहून आलेले कुटुंब मिस्सेला ओळखीचे, जेवणाला अनोळखी. पवित्र वेदीपाशी एका रांगेत उभे राहिलेले पाय मंडपात येताच निरनिराळ्या दिशांना वळतात.

आता तो पोईचा कटोरा आठवावा. बेल्जममध्ये १८४० मध्ये जन्मलेले फादर डेमियन १८६४ मध्ये हवाईत पोहोचले व त्याच वर्षी होनोलुलूच्या कॅथेड्रलमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कुष्ठरोग झालेल्यांना त्या काळी मोलोकाई बेटाच्या एका टोकाला, कड्याखाली नेऊन सोडत. १० मे १८७३ रोजी फादर डेमियन तेथे गेले आणि तेथेच राहिले. त्यांनी घरे बांधली, पाणी आणले, जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या. त्यांच्या चरित्रांत एक बारीकशी गोष्ट येते : रोग्यांबरोबर बसून ते त्यांच्याच कटोऱ्यात बोटे बुडवून पोई खात. औषध नसलेल्या त्या काळात हे धाडस केवढे होते! पुढे त्यांनाही तो रोग झाला व १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांचे देहावसान झाले. ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, आणि एकत्र जेवल्याने तो होत नाही. तेव्हा ती सबब आपल्यापाशी उरलेली नाही. विदर्भात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये उभारलेले आनंदवन आपल्यापासून फार दूर नाही. तरीही प्रत्येक गावात कोणीतरी असतो, ज्याचे ताट आपण नकळत जरा बाजूला मांडतो.

जे डुकराचे मांस खात नाहीत त्यांचे काय? आपल्यांतही असे पुष्कळ आहेत, आणि बोलावलेले हिंदू व मुसलमान शेजारी तर आहेतच. त्यांना आग्रह करणे हे आतिथ्य नव्हे. त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूस निराळ्या हातांनी, निराळ्या भांड्यांत रोडगे, वरण व वांग्याची भाजी करावी. कशात काय आहे ते मोकळेपणाने सांगावे. आणि बसावयाची सतरंजी मात्र एकच ठेवावी. जनावर कापणे व भाजणे आपल्या आवाराच्या आत, गाजावाजा न करता व्हावे, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. अन्न हे कोणाला खिजवण्याचे साधन झाले की त्याची चव जाते.

खर्चाची रीतही सोपी ठेवावी. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे द्यावे, नावांचा फळा लावू नये. पैसा नाही त्याने श्रम द्यावेत. श्रम होत नाहीत त्याने नुसते यावे. हवाईत काही ठिकाणी देवळाचा किंवा शाळेचा एकच मोठा इमू पेटवतात आणि घरोघरची मंडळी आपापले डबे, नावाची चिठ्ठी लावून, त्यात ठेवून जातात. सकाळी ज्याचा त्याने न्यावा. सगळ्यांच्या अन्नाला एकाच मातीची ऊब. आपल्यालाही हे करता येईल. पंगत बसण्यापूर्वी आजारी, अंथरुणाला खिळलेले व एकटे राहणारे यांची ताटे घरोघर पोहोचवावीत, आणि ती मुलांच्या हातून पाठवावीत, म्हणजे सण कोणासाठी असतो हे त्यांना सांगावे लागणार नाही.

मायबापहो, दगड तापवणे फार कठीण नाही; तीन तासांचे सरपण पुरते. माणसे जवळ आणावयास अधिक वेळ लागतो, आणि ते काम मंडप उतरल्यावरही संपत नाही. यंदा आपल्या धर्मग्रामात असा खड्डा खणला जाईल किंवा नेहमीसारखा भात-रस्सा होईल. काही झाले तरी देवाचे आभार मानूनच जेवू या. पण पहिला घास घेण्यापूर्वी एकदा मान वर करून पंगतीकडे पाहावे, कोणाची जागा रिकामी आहे ते मोजावे, आणि त्याला बोलावून आणावयास कोणीतरी उठावे. तोपर्यंत अन्न निवणार नाही.